अडीचच्या खाली

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरात आमच्या रस्त्यावरची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि मधल्या भिंती अशा की पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडच्याने रुमाल शोधावा. त्यामुळे डेस ह्यूसनचा आवाज मी माझ्या स्वतःच्या नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त ऐकला आहे. माझा नवरा होता तोवर गप्पच असायचा. डेस मात्र भिंतीशीसुद्धा बोलला असता, आणि भिंतीपलीकडे मी होतेच.

डेस गोदीवरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. मासेमारीची जहाजं समुद्रात निघायच्या आधी त्यांच्या पोटात बर्फ भरून द्यायचा, हे त्याचं काम. तो कारखाना बंद पडला तसा एका शाळेत देखभालीला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याची बायको एव्रिल आणि मी मासे पॅक करायच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर समोरासमोर उभ्या असायचो. एव्रिल कमी बोलते, पण जे बोलते ते सुरीने कापल्यासारखं.

निवृत्त झाल्यावर आमच्याकडचे पुरुष कबुतरं पाळतात, नाहीतर बागेत कांदे लावतात. डेस गोलांच्या नादी लागला. इंटरनेटवर पैजांचा एक बाजार असतो. तिथे बुकी नसतो. माणसं आपसातच पैज लावतात. एक म्हणतो गोल होणार, दुसरा म्हणतो नाही होणार, आणि दोघांचा भाव जुळला की सौदा झाला. गंमत अशी की सामना चालू असतानाच आपली पैज दुसऱ्याला विकून बाहेर पडता येतं. डेस नेहमी 'अडीचच्या खाली' घ्यायचा. म्हणजे दोन्ही संघांचे मिळून दोनच गोल होतील, फार तर. तिसरा झाला की पैज बुडाली.

एव्रिलने एकदा त्याला विचारलं होतं, की हा अर्धा गोल मारतो तरी कोण. डेस खूश झाला. तिने फुटबॉलबद्दल काही विचारलं असेल तर ते तेवढंच. त्याने तिला समजावलं, की कुणीच मारत नाही म्हणून तर रेघ अर्ध्यावर मारायची. मग बरोबरीची भानगड उरत नाही, कुणीतरी एकच खरा ठरतो. आणि मग त्याने आपली सगळी विद्याच उलगडली. सामना सुरू होताना पैज घ्यायची. गोल न होता वेळ सरत जातो, तसतसा बाजारातला भाव उतरतो, म्हणजे आपली पैज पिकत जाते. पुरेशी पिकली की विकायची, आणि चहा ठेवायचा. शेवटपर्यंत थांबायचं नाही. बर्फ विकून पोट भरलेल्या माणसाला वेळ वितळतो म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको होतं.

त्यामुळे झालं असं, की साऱ्या ग्रिम्सबीत गोल होऊ नये म्हणून देवाची करुणा भाकणारा हा एकटाच माणूस. चिखल, वारा, नुकताच हाकललेला प्रशिक्षक, दुखरे गुडघे असलेला पुढचा खेळाडू, हे सगळं जिथे एकत्र येईल असा सामना तो हुडकून काढायचा. जगात इतका रटाळ सामना दुसरा नसेल अशी खात्री पटली की त्याचे डोळे लकाकायचे. आपल्या गावच्या संघावर मात्र त्याने कधीही पैज घेतली नाही. तिथे त्याला गोल हवे असायचे.

एव्रिलला हे पसंत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. तिच्या वडिलांनी कुत्र्यांच्या शर्यतींवर घरातली एकेक वस्तू घालवली होती, त्यात तिचा शाळेचा कोटही गेला. लग्नाआधी तिने डेसकडून वचन घेतलं, की बुकीच्या दुकानाची पायरी चढायची नाही. ते त्याने शब्दशः पाळलं. "पायरी कुठे आहे इथे, राणी?" असं तो लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून तिला दाखवायचा. ती बाहेरच्या खोलीत इस्त्री करायला जायची. तिने एकच अट घातली होती, की आठवड्याला दोन पाइंट बियरला जितके पैसे लागतात त्याहून जास्त त्या बाजारात जाता कामा नयेत. तीही त्याने पाळली.

मार्चमध्ये त्याला झटका आला. सकाळी दाढी करताना उजवा हात गळाला, आणि तोंडातून शब्दांऐवजी नुसता भुसा बाहेर पडला. वस्तरा बेसिनमध्ये पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग एव्रिलने भिंतीवर दोनदा मूठ आपटली. मी रुग्णवाहिका बोलावली आणि अंगावर गाऊन तसाच ठेवून पलीकडे धावले.

जीव वाचला. पाय सुधारला, हात थोडाफार. पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले की त्याला समजतं जवळजवळ सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. घर तेच आहे, पण दिवे गेले आहेत. पहिला आठवडा तो नुसता छताकडे बघत पडून होता. मग वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या. एन्केची त्यांचं नाव. आई-वडील नायजेरियातले, पण बाई पक्क्या लिंकनशरच्या, आमच्याहून आमच्यासारख्या बोलणाऱ्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश विचारलं, की मिस्टर ह्यूसन, तुम्हाला मुलं किती?

डेसचे ओठ हलले, कपाळाची शीर फुगली, आणि तो स्पष्ट म्हणाला, "अडीच."

मुलगी एकच आहे, जोअॅन, लीड्सला असते. एन्केचींनी मान हलवून लिहून घेतलं, आणि चहात साखर किती चमचे ते विचारलं.

"अडीच."

एव्रिल पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता ही रडणार, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. डेसने तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला कळत होतं, तेच तर दुःख होतं. पण बायको हसतेय म्हटल्यावर तोही अर्ध्या तोंडाने हसला. त्या आठवड्यातलं त्या खोलीतलं पहिलं हसू ते.

मग तेवढा एकच शब्द राहिला. भूक लागली, अडीच. खिडकी लाव, अडीच. जोअॅन लीड्सहून आली तेव्हा तिचा हात धरून "अडीच, अडीच" असं इतक्या मायेने म्हणाला, की ती मुलगी दाराबाहेर जाऊन रडली. एव्रिल मला म्हणाली, "पॅट, पन्नास वर्षं संसार करून शेवटी मी अडीच झाले. पुरते तीन गोलसुद्धा नाही."

घरी आल्यावर मात्र ती हसायची बंद झाली. दवाखान्यात माणसांची वर्दळ असते, घरात दोघंच. भिंतीपलीकडे मला नुसत्या खुर्च्या सरकल्याचे आवाज यायचे. एन्केची आठवड्यातून एकदा यायच्या, चित्रांचे पत्ते मांडायच्या. कप, कुत्रा, छत्री. डेस ते पत्ते तोंड वळवून दूर सारायचा. आयुष्यभर बोललेल्या माणसाला कुणी छत्रीचं चित्र दाखवून "ही काय?" विचारावं, हे त्याला सोसत नव्हतं. शेवटी एन्केची एव्रिलला म्हणाल्या, की पत्ते राहू देत. यांच्याकडे जो एक शब्द शिल्लक आहे, तो कुठून आला? तिथे जाऊन बघा. कधी कधी एका खुंटीला आणखी बरंच काही अडकलेलं असतं.

ही गोष्ट एव्रिलने मला दारात, कचऱ्याचा डबा आत घेता घेता सांगितली. मग म्हणाली की आपल्या बापाचं थडगं गदागदा हलेल, पण शनिवारी लॅपटॉप उघडते.

शनिवारी दुपारी तीनचे सामने आमच्याकडे टीव्हीवर दाखवत नाहीत. ज्याला मैदानात जाता येत नाही तो रेडिओ ऐकतो. डेस तेही करायचा नाही, नुसते पडद्यावरचे आकडे वाचायचा. भाव कसा सरकतो त्यावरून सामना कसा चाललाय ते ओळखायचा. एव्रिलने त्याला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं, लॅपटॉप उघडला, आणि पडदा पाहून तिला घाम फुटला. निळे रकाने, गुलाबी रकाने, डोळे मिचकावल्यासारखे लुकलुकणारे आकडे. निळं दाबलं की पैज घेतली, गुलाबी दाबलं की दिली. डेसने डाव्या हाताच्या बोटाने एक सामना दाखवला. तिने चष्मा पुसला, आकडा भरला आणि दाबलं गुलाबी.

डेस ओरडला, "अडीच!" पण तोवर सौदा लागला होता. त्याला जे घ्यायचं होतं ते तिने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं होतं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गोल हवे होते. आणि चिखलात खेळणाऱ्या त्या दोन दरिद्री संघांनी, ज्यांच्याकडून महिनाभरात गोल झाला नव्हता, मध्यंतराआधीच तीन मारले. पडद्यावर नफ्याचा हिरवा आकडा आला. एव्रिलला वाटलं काहीतरी बिघडलं. डेसने कपाळ टेबलावर टेकवलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला, पाठ थोपटायला मला बोलवावं लागलं.

त्यानंतर त्यांचा दर शनिवार ठरून गेला.

या दोघांच्या मध्ये ट्रेव्हर स्टँप आला तो याच सुमारास. हा डेसचा बर्फाच्या कारखान्यापासूनचा मित्र, त्याच बाजारातला. माणूस सोन्यासारखा, पण त्याला शांतता सोसत नाही. त्याला कळलं की एव्रिल एकटी झगडतेय, तसा तो आपला लॅपटॉप आणि सॉसेज रोलची पिशवी घेऊन हजर झाला. टेबलाच्या मध्यावर बसला. डेसने "अ" म्हटलं की हा "अडीच ना, घेतली, घेतली" म्हणायचा. डेसने बोट उचललं की हा दुसराच सामना दाबायचा आणि तोच बरा कसा ते सांगायचा. डेसच्या ओठांवर काही जुळायला लागलं की ट्रेव्हर ते वाक्य पुरं करून टाकायचा, आणि चुकीचं. दोन शनिवार एव्रिलने पाहिलं. तिसऱ्या शनिवारी डेस खुर्ची मागे सारून बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. एव्रिलने ट्रेव्हरची टोपी खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली. ती म्हणाली, "ट्रेव्हर, तू देवमाणूस आहेस. आता घरी जा."

तो गेला. पण दुखावला गेला, आणि मग आलाच नाही.

एव्रिल एकटीने शिकली. पुस्तकी काही नाही. चुकत, डेसच्या भुवया वाचत. भुवई वर गेली की थांब, खाली आली की विक. गोल झाला, नाहीतर पेनल्टी मिळाली, नाहीतर कुणाला मैदानाबाहेर काढलं, की बाजार थिजतो. सगळे आकडे करडे होतात आणि नेमकं काय झालं ते थोडा वेळ कुणालाच कळत नाही. त्या वेळी दोघं एकमेकांचा हात धरून बसायची. ती मला म्हणाली, की लग्नानंतर एवढा वेळ आम्ही हात धरलेले मला आठवत नाहीत, आणि तेही कुणा अनोळखी गोलकीपरपायी.

पण तिला नुसत्या आकड्यांवर विश्वास बसेना. तिने माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढला आणि कानाशी धरायला लागली. फुटबॉल तिला कळत नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय ते अजूनही कळत नाही. पण माणसाचा आवाज तिला कळतो. ती म्हणायची, समालोचक पावसाबद्दल, कुणाच्या काकूबद्दल बोलायला लागला की निश्चिंत राहावं. वाक्यं तुटायला लागली, श्वास वर गेला, की सावध. डेस आकड्यांकडे बघायचा, ती कान लावून बसायची, आणि दोघांचं पटत नसे. तो "अडीच" म्हणायचा, ती "थांब रे म्हाताऱ्या" म्हणायची. अलीकडच्या बाजूला मला कितीतरी आठवड्यांनी भांडण ऐकू आलं. मी माझा टीव्ही बारीक केला.

मे महिन्यात इथले सामने संपले, तेव्हा त्यांनी नॉर्वे आणि आइसलँडचे धरले. नावं दोघांनाही उच्चारता येत नव्हती, त्यामुळे त्या बाबतीत दोघं सारखीच. आणि एके दिवशी दुसरा शब्द आला. एव्रिल चहा ओतत होती, डेसला दूध हवं होतं. तो म्हणाला, "ट्रेव्हर."

तिला वाटलं याला मित्राची आठवण झाली. तसं नव्हतं. दूधही ट्रेव्हर, रेडिओही ट्रेव्हर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने बायकोच्या गालावर हात ठेवून म्हटलं, "ट्रेव्हर."

एव्रिल त्याच दिवशी ट्रेव्हरच्या बागेत गेली. तो कांद्याच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसला होता. तिला पाहून उठलाही नाही. ती म्हणाली, "माझा नवरा मला तुझ्या नावाने हाक मारतो. अंथरुणातसुद्धा. आता तू घरी आला नाहीस तर लोक काय म्हणतील?"

ट्रेव्हरने खुरपं खाली ठेवलं आणि मातीच्या हातांनीच डोळे पुसले. तो परत आला. पण एका अटीवर: डेस बोलायला लागला की ट्रेव्हरने तोंडात बिस्किट धरायचं. चावायचं नाही, नुसतं धरायचं. मी स्वतः पाहिलं आहे. मोठा थोराड माणूस, दातांत बिस्किट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर गप्प बसलेला, आणि समोर डेस एकेक आवाज शोधतोय.

अडचण आली ती जोअॅनकडून. ती बँकेत काम करते आणि आईवर फार जीव आहे तिचा. ऑक्टोबरमध्ये ती न सांगता आली, शनिवारीच, आणि स्वयंपाकघरात पाहते तर आजारी बाप, म्हातारी आई, पडद्यावर निळे-गुलाबी रकाने. कुत्र्यांच्या शर्यतींची कथा ऐकत वाढलेली मुलगी ती. तिला काय वाटलं असेल ते मला समजतं. ती आवाज चढवून बोलली नाही. ती म्हणाली, की बाबांना काय चाललंय ते सांगता येत नाही, आणि आई, तू त्यांच्या वतीने बटणं दाबतेस. हे खातं मी आज बंद करते. एव्रिलने सांगितलं, की बाबांचं खातं झटक्यानंतरच बंद केलं, हे माझं आहे. माझ्या नावाचं, दोन पाइंटांच्या मर्यादेचं, आणि वय सिद्ध करायला मी त्यांना माझ्या गाडी चालवायच्या परवान्याचा फोटो पाठवला आहे. जोअॅन आणखीच घाबरली.

"आई, तू?" ती म्हणाली. "तू तर लॉटरीचं तिकीटसुद्धा घेत नाहीस."

"बस इथे," एव्रिल म्हणाली. "शेवटची शिट्टी होईपर्यंत बस. मग काय ते बंद कर."

त्या दिवशी ट्रेव्हर गावच्या संघाचा सामना बघायला गेला होता. मी अंडी परत द्यायला म्हणून गेले होते, ती तिथेच थांबले. सामना होता हंबर नदीपलीकडच्या संघाचा, ज्याचं नाव आमच्याकडे जेवताना घेत नाहीत. मध्यंतराला एक-एक बरोबरी. तेव्हा एव्रिलने 'अडीचच्या खाली' घेतली होती; आणखी एक गोल झाला की बुडाली. उत्तरार्धात काहीच घडेना. समालोचक मैदानात उतरलेल्या एका सीगल पक्ष्याबद्दल बोलत होता, पंचाला तो हलवता येत नव्हता. एव्रिल ट्रान्झिस्टर कानाशी धरून समाधानाने हसत होती. पैज छान पिकली होती.

डेस हसत नव्हता. भाव खाली यायला हवा होता, तो मिनिटभर जागचा हलला नाही. मग उलटा, किंचित वर सरकला. मैदानात बसलेल्या कुणाला तरी काहीतरी दिसत होतं. डेसने टेबलावर बोटं आपटली.

"अडीच."

"सीगल आहे मैदानात," एव्रिल म्हणाली. "थांब."

"अडीच. ट्रेव्हर. ट्रेव्हर." त्याचा चेहरा लाल झाला. जोअॅन पुढे सरकली, मी तिचा दंड धरला. डेसने डोळे मिटले, डावी मूठ वळली, आणि छातीतून काहीतरी जड वर ओढावं तसं त्याने ते ओढलं.

"विक."

एव्रिलचा हात ट्रान्झिस्टरवर तसाच राहिला. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्याकडे वळली.

"काय म्हणालास?"

"विक," डेस म्हणाला. "विक की, बाई."

विकायला एक बोट पुरलं असतं. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली, जणू अजून काही तिथून बाहेर पडेल आणि जमिनीवर सांडेल. जोअॅन जवळच्या खुर्चीत मटकन बसली. पडद्यावरचे आकडे करडे झाले. बाजार थिजला. ट्रान्झिस्टरमधला माणूस सीगलला विसरून ओरडायला लागला, आणि नदीपलीकडच्या त्या लोकांनी दुसरा गोल मारून दोन-एक केलं. सामन्यातला तिसरा गोल, पैज बुडाली.

डेसने पडद्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. एवढा संतापलेला मी त्याला झटक्याआधीही पाहिला नव्हता.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

सात महिन्यांनंतरचं त्याचं पहिलं धड वाक्य ते, आणि नवऱ्याला शोभेल असंच. एव्रिलने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "हो. सांगितलं होतंस. बोल मला, अजून बोल." तिचे अश्रू त्याच्या टकलावर पडत होते आणि तो अजूनही तिच्या कोपराखालून पडद्याकडे बघत धुसफुसत होता. जोअॅन हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने उठून चहा केला. त्यात साखर घालायला विसरली, आणि खात्याचा विषयही निघाला नाही. निघताना तिने आईला दारात विचारलं, पुढच्या शनिवारी कुठला सामना आहे.

आता सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी म्हणणार नाही. झालं नाही. आधी क्रियापदं आली: विक, थांब, दे, ये, बस. हुकूम करायला लागणारे शब्द आधी येतात, असं एन्केची म्हणाल्या. एव्रिल म्हणाली की पुरुषांचं तसंच असतं. मग वस्तूंची नावं, आणि माणसांची सगळ्यात शेवटी. जोअॅनला तो नुसतं 'जो' म्हणतो. लांब वाक्यात अजूनही मध्येच वाट हरवते आणि तो थांबून छताकडे बघतो. पण पुढच्या हंगामात तो ट्रेव्हरच्या हाताला धरून मैदानात जायला लागला. स्कार्फ, काठी, थर्मास असा सगळा सरंजाम. एव्रिल घरीच असते. दोन पाइंटांपुरता आपला बाजार ती एकटी करते, आणि गावचा सामनाही रेडिओवर ऐकते, पण ते कुणाला सांगत नाही.

परवाच्या शनिवारची गोष्ट. गावच्या संघाने घरच्या मैदानावर चार गोल मारले. मी हॅडॉक माशाची फिश-पाय भाजून पलीकडे नेली होती, आणि आम्ही ताटं वाढतच होतो तेवढ्यात डेस आला. नाक लाल, टोपी वाकडी. कोट न काढताच टेबलाशी बसला आणि पहिला गोल सांगायला लागला. कॉर्नरवरून झाला होता. 'कॉर्नर' सापडायलाच किती वेळ गेला. त्याने मिठाची बाटली टेबलाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, तेव्हा कुठे तो शब्द आला. मग चेंडू म्हणून वाटाणा. मग डोकं, मग जाळं.

एव्रिलने तो गोल रेडिओवर ऐकला होता. चारही ऐकले होते. कुणी मारले, कसे मारले, दोन तास आधी तिने मलाच सांगितलं होतं. तिने काटा ताटात ठेवला, हनुवटीखाली हात घेतला.

"मग?" ती म्हणाली.

डेसने दुसरा वाटाणा उचलला. जेवण गार होत होतं. मी ओव्हन परत लावला आणि त्यांची दोन्ही ताटं आत सरकवून ठेवली.